माझे गुडघे आणि टेबलावरचा सत्यनारायण

"मांडी घालणं आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले.

मी हसलो. मला वाटलं, ते थट्टा करतायत. माझ्या दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे समोरच्या स्क्रीनवर लावलेले होते आणि डॉक्टर पेनाच्या टोकाने हाडांमधली फट दाखवत होते. उजव्या गुडघ्यात ती फट दिसत तरी होती. डाव्या गुडघ्यात आतल्या बाजूला हाड हाडाला जवळजवळ टेकलं होतं.

"काम काय करता?"

"पौरोहित्य. पूजा सांगतो."

"म्हणजे खाली बसून?"

"खालीच. उभ्याने सत्यनारायण होत नाही."

"मग खुर्चीवर बसून सांगा," ते म्हणाले आणि लिहायला लागले.

मी त्रेपन्न वर्षांचा आहे. सव्वीस वर्षं पुण्यात पूजा सांगतोय. धायरीला राहतो, तिथून स्कूटरवर पिशवी अडकवून शहरभर फिरतो. माझं दुकान म्हणजे माझी मांडी. ती बंद करा म्हणजे दुकानाचं शटर ओढा. हे मी डॉक्टरांना म्हणालो नाही, मनात पुढच्या महिन्यातल्या पूजा मोजायला लागलो.

आजाराचं नाव ऑस्टिओआर्थ्रायटिस. सांध्यात दोन हाडांच्या मधे गुळगुळीत कूर्चेची गादी असते, ती झिजते. झिजली की हाडं एकमेकांवर घासतात, सूज येते, दुखतं. गादी परत उगवत नाही. तुमच्यापैकी कोणाला हे नाव नुकतंच ऐकवलं गेलं असेल तर तो शेवटचा भाग नीट ऐकून घ्या. मी घेतला नव्हता.

मग वजनकाटा. मी एका वास्तुशांतीवरून थेट दवाखान्यात आलो होतो, अंगावर उपरणं होतं. चौऱ्याण्णव किलो. मी उपरणं काढून पुन्हा उभा राहिलो. चौऱ्याण्णवच.

"ऑपरेशनचं नंतर बघू," डॉक्टर म्हणाले. "बारा किलो कमी करा. पोटावरचा प्रत्येक किलो गुडघ्याला त्याच्या कितीतरी पट जड लागतो. मांडीचे स्नायू मजबूत करा. उकिडवं बसायचं नाही, कमोड वापरायचा. सहा महिन्यांनी भेटा."

बाहेर येऊन बाकावर बसलो. गुडघ्यापेक्षा जास्त काय टोचत होतं सांगू? तो खुर्चीचा शब्द.

त्याचं कारण सांगायला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी होणार नाही.

आमच्या भागातल्या दामले काका-काकूंकडे मी दर श्रावणात सत्यनारायण सांगतो. अठरा वर्षं झाली. काका पंचाहत्तरीचे, काकू दोनेक वर्षांनी लहान. मागच्याच्या मागच्या श्रावणात काकूंनी संकोचून विचारलं होतं, "गुरुजी, माझे गुडघे फार दुखतात हो. यंदा मी खुर्चीवर बसले तर चालेल का?"

मी काय म्हणालो असेन? "काकू, देव चौरंगावर आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर? उद्या सोफ्यावर लोळत पूजा करा म्हणाल."

लोक हसले. पुण्यात असं बोललं की लोक हसतात, आणि आपल्याला वाटतं आपण फार हुशार. काकूही कसनुशा हसल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. बायको हजर नसेल तर नवऱ्याने कमरेला सुपारी खोचून पूजेला बसायचं, अशी आपल्याकडे पद्धत आहे. ती सुपारी बायकोच्या जागी. मी काकांच्या हातात सुपारी दिली आणि म्हणालो, "खोचा आणि बसा." काकू दहा पावलांवर, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. जिवंत बायको दारात आणि सुपारी कमरेला.

पुढच्या श्रावणातही तसंच झालं. त्या वेळी आरतीला उठताना माझा डावा गुडघा पहिल्यांदा अडकला. काकांच्या खांद्याला धरून उठलो. कोणाच्या लक्षात आलं नाही, फक्त काकूंच्या आलं. निघताना त्या हळूच म्हणाल्या, "गुरुजी, मलम देऊ का?"

"छे छे, पायाला मुंग्या आल्या होत्या," मी म्हणालो.

दिवाळीनंतर निदान झालं ते असं.

आता वजन. मी ठरवलं की ठरवलं. घरी येऊन बायकोला, वसुधाला, सांगितलं, "उद्यापासून पहाटे पर्वती." पुण्यातल्या माणसाला कोणी वजन कमी करा म्हणालं की तो चढण शोधतो. कोणी सिंहगड गाठतो, कोणी तळजाई, कोणी पर्वती. सपाट रस्त्यावर चालणं हा आमच्याकडे व्यायाम धरत नाहीत, ती भाजी आणायला जायची रीत.

तीन आठवडे मी रोज पर्वतीच्या पायऱ्या चढलो. चढताना दम लागायचा, उतरताना गुडघ्यात कळ यायची. दात-ओठ खाऊन उतरायचो. वजन दोन किलोने उतरलं आणि मी वसुधाला रोज काटा वाचून दाखवायला लागलो. चौथ्या आठवड्यात एका सकाळी डावा गुडघा नारळाएवढा सुजला. अंथरुणातून उठता येईना.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. "पाणी झालंय. काय केलंत?"

"पर्वती."

"चढायला कोणी सांगितलं होतं?"

"तुम्ही वजन कमी करायला..."

"वजन कमी करायला सांगितलं. गुडघा संपवायला नाही. जिना उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो, गुरुजी. सपाटीवर चाला."

सुईने पाणी काढलं, बारा दिवस विश्रांती दिली. त्या बारा दिवसांतली माझी कामं दुसऱ्या गुरुजींकडे गेली. एक वास्तुशांत, एक मुंज, तीन सत्यनारायण. घरात पडल्यापडल्या मी छताकडे बघायचो. सव्वीस वर्षांत मला दुसरं काही येत नाही. आवाज आहे, पाठांतर आहे, पण खाली बसता आलं नाही तर त्यांचा उपयोग काय, हा एकच प्रश्न डोक्यात फिरायचा. वसुधाने तो माझ्या तोंडावरून ओळखला असावा. ती म्हणाली, "अहो, रडत पडण्यापेक्षा व्यायामाला जा. त्या मुलीने दोनदा फोन केला."

ती मुलगी म्हणजे दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट. व्यायामाने सांधे आणि स्नायू दुरुस्त करणारी.

"काका, तुमचे क्वाड्स खूपच वीक आहेत," ती म्हणाली. क्वाड्रिसेप्स म्हणजे मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू. तो बळकट असला की चालता-उठताना येणारा बराचसा भार तो स्वतः उचलतो आणि गुडघा सुटतो. माझा पाय बाहेरून केळीच्या खांबासारखा होता, आत मात्र सगळा लोण्याचा गोळा.

व्यायाम अगदी पोरकट दिसतात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती खाली दाबायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं. पहिल्या दिवशी खुर्चीतून चारदा उठल्यावर पाय थरथरायला लागले.

"रोज चोवीस वेळा, सकाळ-संध्याकाळ," ती म्हणाली. "मोजायला कंटाळा येतो बऱ्याच जणांना."

मला नाही आला. संध्येत विष्णूची चोवीस नावं येतात. केशवाय नमः म्हणून पाय उचलायचा, नारायणाय नमः म्हणून दुसऱ्यांदा, असं करत शेवटचं नाव आलं की एक पाय झाला. ती मुलगी हसली, पण पुढच्या वेळी तिने एका आजींना सांगितलेलं मी ऐकलं, "आजी, त्या काकांसारखं नाव घेऊन करा." एवढा मोठा शिष्यवर्ग मला आजवर कधी मिळाला नव्हता.

याच सुमारास डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी एक वही दिली. जे खाल ते लिहायचं, काही सोडायचं नाही. मी सोडलं नाही. सकाळी एक वाटी उपमा, दुपारी दोन फुलके, भाजी, वरण, रात्री एक भाकरी. साखर बंद, चहा बिनसाखरेचा. सहा आठवडे अक्षर बदललं नाही की मेनू बदलला नाही.

सहा आठवड्यांत वजन उतरलं एक किलो.

बाईंनी वही उलटसुलट वाचली. "गुरुजी, एवढं खाऊन वजन उतरत नाही असं होत नाही. या गुरुवारी काय केलंत, सांगा बरं."

"दोन सत्यनारायण, एक उदकशांत."

"तिथे काय खाल्लं?"

"काही नाही. मी बाहेर खात नाही."

"प्रसाद?"

"प्रसाद घेतला की. पण प्रसाद म्हणजे खाणं नव्हे."

मी हे अगदी सहज बोललो. विनोद करत नव्हतो. आमच्यात प्रसाद खाल्ला असं म्हणतच नाहीत, प्रसाद घेतला म्हणतात. जे खाल्लं नाही ते खाण्याच्या वहीत कसं लिहायचं?

बाईंनी पेन खाली ठेवलं. "प्रसादाचा शिरा कसा करतात, मला सांगाल?"

हे मला झोपेतही येतं. यजमानांना सामानाची यादी मीच तर लिहून देतो. मी सुरुवात केली, "रवा सव्वा वाटी. साखर सव्वा वाटी. साजूक तूप सव्वा वाटी..." तिथे माझा आवाज जरा खाली गेला. "दूध. केळी." पुढे बेदाणे आणि काजू होते, ते मी पुटपुटलो.

"आणि एका घरी किती घेता?"

"द्रोणभर. आग्रह झाला तर दोन."

"होतो आग्रह?"

"सदाशिवाच्या पिंडीवर अभिषेक व्हावा तसा होतो."

मग सगळंच बाहेर आलं. गुरुवारी दोन-तीन घरं, शनिवारी तेवढीच, श्रावणात आणि मार्गशीर्षात तर रोज. वर घरी न्यायला डबा. प्रसाद टाकायचा नाही, म्हणून सकाळी उरलेला डबा मीच संपवायचो, तोही वहीत नाही. उपमा मात्र ग्रॅमात लिहिलेला. वसुधा शेजारी बसली होती. ती छताकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

मी चिडलो. "प्रसाद नाकारू म्हणता? मी? गुरुजींनीच नाही म्हटलं तर यजमानांनी काय समजायचं?"

"मी नाकारा म्हणाले नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "किती घ्यायचा ते तुमच्या शास्त्रात विचारा. मला तेवढं लिहून हवंय."

घरी येताना स्कूटरवर माझ्या डोक्यात वडील आले. तेही भिक्षुकीच करायचे, गावाकडे. सडपातळ माणूस. ते प्रसादाला उजवा हात पुढे करायचे, तळव्याची खोलगट वाटी करून. त्यात मावेल तेवढा घ्यायचे, हात कपाळाला लावायचे आणि संपलं. द्रोण आम्ही आणला, चमचा आम्ही आणला, डबा तर माझ्या पिढीने आणला.

दुसऱ्या दिवसापासून मी हात पुढे करायला लागलो. सोपं नव्हतं. पुण्यात पाहुण्याला चहा विचारत नाहीत अशी आमची ख्याती आहे, पण गुरुजींना शिरा वाढताना याच घरांचा हात थांबत नाही. एका बाईंचा चेहरा पडला. "गुरुजी, आमचं काही चुकलं का?"

"तुमचं नाही हो, माझ्या गुडघ्याचं चुकलं," मी म्हणालो. एकदा स्पष्ट सांगितलं की लोक ऐकतात. उलट त्यांच्या घरातल्या गुडघ्यांच्या कहाण्या सुरू होतात आणि निघायला अर्धा तास उशीर होतो. डबा मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनला द्यायला लागलो. तो काटक आहे, त्याला चालतो.

वही आता खरी झाली. काटाही खरा बोलायला लागला. एक्क्याण्णव, नव्वद, अठ्ठ्याऐंशी. कॅनॉलच्या कडेने सपाटीवर चाळीस मिनिटं चालणं, सकाळ-संध्याकाळ चोवीस नावं. मधे एक महिना काटा जागचा हलला नाही, तेव्हा बिघाड असेल म्हणून मी तो दुकानात नेऊन दाखवला. बिघाड नव्हता. तुमचाही असा महिना येईल. वैतागा, पण चालणं सोडू नका.

या सगळ्या काळात मी पूजा कशा सांगत होतो? चोरून. वीतभर उंचीचं लाकडी स्टूल पिशवीतून न्यायचो, त्यावर सोवळ्याची लोकरी धाबळी पसरायचो आणि धोतराचा घोळ सोडून बसायचो. कोणाला कळत नाही अशी माझी समजूत होती.

आठ महिने झाले तेव्हा वजन होतं शहाऐंशी. जिना चढताना कठडा धरावा लागत नव्हता. रात्री कुशीवर वळताना जाग येत नव्हती. एका दुपारी वसुधा बाहेर गेली होती, तेव्हा मी देवघरासमोर पाट मांडला आणि मांडी घातली. डावा पाय वाकला, उजवा त्यावर आला. बसलो! पाच मिनिटं तसाच बसून राहिलो.

उठायला गेलो तर गुडघा अडकलेला. वसुधा येईपर्यंत मी पाऊण तास देवासमोर होतो. इतकी सलग उपासना बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. तिने मला काखेत धरून उचललं, खुर्चीत बसवलं आणि पाट उचलून ठेवून दिला.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहिला. "उत्तम काम केलंत. ऑपरेशनचा विषय मी बाजूला ठेवतोय. असेच राहिलात तर पुढची कितीतरी वर्षं हाच गुडघा चालेल."

"आणि मांडी?"

"गुरुजी, झिजलेली गादी परत येत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुखणं गेलंय. मांडी गेली ती गेली."

या वेळी मी नीट ऐकून घेतलं. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण बाकावर बसून राहिलो नाही. आठ महिने मी मांडी परत मिळवायला धडपडत होतो, आणि मिळालं काय, तर चालणं, जिना, झोप, ऑपरेशन टळणं. एवढं सगळं हातात असताना एका बैठकीसाठी काम सोडायचं? आणि काम सोडायचं नसेल तर ते स्टूल धोतराखाली किती दिवस लपवायचं?

श्रावण तोंडावर होता. मी दामल्यांकडे फोन लावला. काकूंनीच उचलला.

"काकू, यंदा तुमचं डायनिंग टेबल रिकामं करून ठेवा. आणि बिनहाताच्या तीन खुर्च्या."

"तीन?"

"मोजून तीन."

पूजेच्या दिवशी गेलो. टेबल पुसून लख्ख केलं होतं. मी त्यावर चौरंग ठेवला, केळीचे खुंट बांधले, कलश मांडला. देव माझ्या छातीइतक्या उंचीवर आला. खुर्चीत बसून पाहिलं तर तो डोळ्यांसमोर होता, आजवर कधी इतका समोर नव्हता. माणूस देवाच्या डोक्यावर जायची शक्यताच नव्हती. दोन वर्षांपूर्वी एवढी अक्कल चालवायला मला दोन मिनिटं पुरली असती.

काका सोवळं नेसून आले. सवयीने त्यांच्या हातात सुपारी होती.

"ती तबकात ठेवा, काका. गणपती मांडायला लागेल," मी म्हणालो. "कमरेला नको."

काकू स्वयंपाकघराच्या दारात, त्याच चौकटीला टेकून उभ्या होत्या. पण साडी नवी होती.

"काकू, या. उजव्या बाजूची तुमची."

त्या हलल्या नाहीत. घरात दहा-बारा माणसं जमलेली. पूर्वी मी ज्यांच्यासमोर बोललो होतो, त्यांच्यातलीच बरीचशी. म्हणून मी त्यांच्यासमोरच बोललो. "काकू, तुम्हाला मी खुर्ची नाकारली ते चुकलं. शास्त्र आड येत नव्हतं, माझं तोंड आड आलं. माफ करा."

कोणी हसलं नाही. काकूंनी माझ्याकडे, मग माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

"तुमचा दुखला म्हणून कळलं," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी मेल्यावरसुद्धा यांच्या कमरेला सुपारीच."

"खरं आहे," मी म्हणालो. उजवीकडची खुर्ची त्यांच्यासाठी मागे ओढली.

मग त्या आल्या आणि खुर्चीत बसल्या. संकल्पाला काकांनी उजवा हात पुढे केला. बायकोने नवऱ्याच्या त्या हाताला हात लावायचा असतो. काकूंनी दोन बोटं लावली, आणि मी पाणी सोडायला सांगितलं तेव्हा पूर्ण हात धरला. संकल्पातली एक ओळ मी दोनदा म्हटली. पुढचे शब्द पाठ होते म्हणून निभावलं.

आज माझं वजन त्र्याऐंशी आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्यातला एक किलो अजून राहिलाय, तोही जाईल. पुण्यातले काही यजमान टेबलावरची पूजा म्हटल्यावर नाक मुरडतात, त्यांना मी दुसऱ्या गुरुजींचा नंबर देतो. बाकीच्यांकडे मात्र हल्ली पूजेला जास्त माणसं बसतात. आजी बसतात, आजोबा बसतात, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या सासूबाई बसतात. इतकी वर्षं ही सगळी माणसं भिंतीला टेकून लांब उभी असायची आणि मला ती दिसायची नाहीत. ज्या गुडघ्याने ती दाखवली त्याच्यावर आता माझा राग नाही.

दामल्यांकडे त्या दिवशी कथा संपली, निरांजन लागलं, आरतीला उठायची वेळ झाली. काकांनी, काकूंनी आणि मी, तिघांनीही टेबलाच्या कडेला हात टेकला आणि उठलो.